न मोजलेले कर्ण

दोहाच्या ऑफिसात मी ड्राफ्ट्समन होतो तेव्हा माझा अमेरिकन साहेब टेबलावर तीन फोटो ठेवायचा. एक लायब्ररी, एक कोर्ट, एक रेल्वे स्टेशन. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याच्या आर्किटेक्ट आजोबांनी एका लहान गावात उभारलेल्या या इमारती अजून शाबूत होत्या. आम्ही दिवसभर काचेची ऑफिसं काढायचो आणि तो आजोबांचं पुराण लावायचा. मला वैताग यायचा. तिथला माझा तिसरा उन्हाळा, बायको-मुलं नाशिकला. कशातच जीव रमत नव्हता.

"लायब्ररीचं छप्पर कोसळलं, तेव्हा गाव ती पाडायला निघालं होतं," तो सांगायचा. "आजोबांच्या ड्राफ्ट्समनचे नकाशे सापडले म्हणून ती वाचली. कोपऱ्यात त्याची आद्याक्षरं आहेत."

समुद्राजवळचं एक जुनं, दगड-चुन्याचं घर रस्त्यासाठी जाणार होतं. ते पाडल्यावर नकाशावरून दुसऱ्या जागी जसंच्या तसं उभारायला साहेबानं खटपट करून परवानगी मिळवली. अट एकच, पाडायच्या आधी अचूक मोजमाप हवं. ते काम त्यानं माझ्या गळ्यात घातलं.

मी भिंतींची लांबी घेतली. प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्णही मोजायचे असतात, त्याशिवाय खोली किती वाकडी आहे ते कळत नाही. पण घामानं टेप हातातून निसटत होती. कर्ण सोडले आणि सावली गाठली. ऑफिसात टी-स्क्वेअर लावून सगळे कोपरे काटकोनात काढले. एक भिंत जुळेना, तीही ओढूनताणून जुळवली. खाली झोकात माझी आद्याक्षरं टाकली.

साहेबानं माझं ट्रेसिंग, म्हणजे पारदर्शक कागदावरचा तो नकाशा, बराच वेळ पाहिलं. "एवढं सरळ जुनं घर मी या शहरात पाहिलेलं नाही. कर्ण कुठे आहेत?"

दुसऱ्या दिवशी सकाळी टेप घेऊन धावलो. तिथे नुसता ढिगारा होता. बुलडोझरवाल्यानं हात झटकले. "खलास, भाई."

साहेब ओरडला असता तर बरं झालं असतं. मी ब्लेड घेऊन ट्रेसिंगवरची माझी आद्याक्षरं खरवडायला लागलो, तर त्यानं हात धरला.

"राहू दे. आपल्यापैकी त्या घरात आत गेलेला तू एकटाच आहेस."

मी आत गेलो होतो खरा. पण आजही डोळे मिटून आठवायला बसलो, तर त्या घरातली एक खिडकीसुद्धा आठवत नाही, फक्त ऊन आठवतं. त्याची फार लाज वाटते.