हत्तिणीचा आवाज

लच्चव्वा नातवाला भरवायला बसली की तिसऱ्या घासालाच ताट बाजूला सारायची. कारण सहा वर्षांचा चरण मध्येच ओरडायचा, "चलो, चलो!" आणि आमच्या तेलुगूत 'चालु' म्हणजे पुरे.

"पुरे म्हणतोय. पोट भरलं लेकराचं," म्हातारी खुशीत सांगायची. उगाच नाही पोराच्या बरगड्या दिसत! 'पानी' म्हणाला की मात्र ती कपाळाला हात लावायची, कारण 'पनी' म्हणजे काम. "घ्या! ओठावरचं दूध वाळलं नाही आणि हा काम मागतोय. बापावर गेलाय मेला!"

चरणच्या तोंडातला एकही शब्द त्याचा स्वतःचा नव्हता. सगळे एका सिनेमातले. त्यात हत्ती, तरस, माकडं माणसांसारखी बोलतात आणि कळपातून चुकलेलं हत्तीचं पिल्लू आईला शोधत फिरतं. बाप मल्लेशनं दुबईहून येताना तो फोनमध्ये भरून आणला होता, हिंदीतला. चरणच्या आईनं, स्वरूपानं, तोच सिनेमा एकदा तेलुगूत लावून पाहिला. पोरानं फोन भिंतीवर आपटला. काचेला गेलेला तडा अजून आहे.

"घबराओ मत, दोस्त!" असं चरणच्या तोंडून फोनवर ऐकू आलं की मल्लेश तिकडे दुबईत हरखून जायचा. "बोलतोय की! उगाच दवाखान्याच्या पायऱ्या झिजवू नकोस."

करीमनगरच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र गोड खोटं सांगितलं नाही. हे सगळं पाठ केलेलं आहे, म्हणाल्या. कदाचित यातूनच पुढे बोलेल, कदाचित नाही. ते 'कदाचित' पदरात बांधून स्वरूपा सिरसिल्ल्याला परत आली.

तिला फार काही नको होतं. त्यानं एकदा आपल्याकडे बघून आई म्हणावं. 'अम्मा' नाही तर नाही, हिंदीतलं 'माँ' चालेल, हत्तीचं चालेल. एवढं मागण्यात काय चूक होती, तुम्हीच सांगा. म्हणून रोज दुपारी विड्या वळताना ती त्याला खेटून बसायची आणि सिनेमा बघायची. चिखलात रुतलेली हत्तीण आली की तिचे हात थांबायचे. पिल्लू ओरडायचं, "माँ, कहाँ हो?" हत्तीण घोगऱ्या आवाजात म्हणायची, "यहीं हूँ, मेरे लाल." चरणही पिल्लाबरोबर ओरडायचा, पण फोनकडे बघून. शेजारी आईचा गुडघा त्याच्या गुडघ्याला लागलेला असायचा.

त्या दिवशी फोन बंद पडला होता, म्हणून चार्जिंगला लावलेला. चरण भिंतीला टेकून बसला होता. अचानक म्हणाला, "माँ, कहाँ हो?"

स्वरूपाच्या मांडीवरच्या सुपातली पानं सांडली. सिनेमा तर लावलेला नाही. म्हणजे मलाच! तिनं धावत जाऊन त्याला छातीशी धरलं. "इथंच आहे रे राजा! अम्मा इथंच आहे!"

चरण ताठला. पुन्हा म्हणाला, मोठ्यानं, "माँ, कहाँ हो?"

"ही काय! ही बघ ना तुझी अम्मा!"

त्यानं तिला ढकललं, कान गच्च दाबले आणि भिंतीवर डोकं आपटायला लागला. "माँ! माँ! कहाँ हो?"

आतून लच्चव्वा धावत आली. तेलुगूत 'मा' म्हणजे आमचं. "अगं, 'आमचं, आमचं' करून रडतोय की! काय हरवलंय याचं? दे ना शोधून!"

पोराचं कपाळ लालभडक झालं होतं. स्वरूपानं पदरानं डोळे पुसले, घसा खाकरला आणि जाड, घोगऱ्या आवाजात म्हणाली, "यहीं हूँ, मेरे लाल."

चरण गप्प झाला. फोनच्या काळ्या काचेकडे बघून गोड हसला आणि तरसाचं पुढचं वाक्य म्हणू लागला.

"कुणाचा गं आवाज काढलास?" लच्चव्वानं विचारलं.

"त्याच्या आईचा," स्वरूपा म्हणाली आणि सांडलेली पानं गोळा करू लागली.