शेरूचा खिळ्यांचा पट्टा

जनावरांच्या दवाखान्यात किस्से आपोआप साठतात, कारण पेशंट बोलत नाही आणि मालक दुसऱ्या कुणाला बोलू देत नाही. त्यात आमच्या सावली तालुक्यात आजाराच्या आधी संशय येतो. एकट्या शेरूनेच मला आयुष्यभराचा स्टॉक दिलाय.

शेरू म्हणजे केशवभाऊंचा म्हातारा कुत्रा. गळ्यात टोकदार खिळ्यांचा चामडी पट्टा, कारण बिबट्या कुत्र्याची मानच धरतो. एक दिवस भाऊ त्याला ऑटोतून घेऊन आले. "मॅडम, याचा आवाज बसला. श्वास घेतानी घरघर करते. शेजाऱ्यानं काहीतरी चारलं."

शेजारी मागेच उभा होता. ऑटो त्याचाच होता.

* * *

आवाज बदलला म्हणजे कुत्रा पिसाळला, असं गावानं ठरवलं. काठ्या निघाल्या. खरं सांगते, शंका मलाही आली. म्हणून त्याला वेगळं कोंडून लक्ष ठेवलं, तर गडी मजेत जेवत होता. लसही झालेली.

मग गुंगीचं इंजेक्शन देऊन घशात टॉर्च मारला. श्वास घेताना स्वरयंत्राच्या ज्या दोन झडपा उघडायला हव्यात, त्या जागच्या हलत नव्हत्या. मी म्हटलं, "घशाला लकवा आहे."

शेरू शुद्धीवर येऊन उभा राहिला, तसे भाऊंनी त्याचे चारही पाय तपासले. "चालून तं राह्यला. मले काऊन भेवाडता?"

* * *

उन्हात नेऊ नका, पळवू नका, वजन वाढू देऊ नका, पातळ वरणाऐवजी भाताचे घट्ट गोळे द्या. नागपूरला ऑपरेशन होऊ शकलं असतं, पण शेरूच्या या वयात भाऊंना ते नको होतं. इथपर्यंत ते मान डोलावत होते.

"आणि गळ्यातला पट्टा काढा. श्वासनळीवर दाब येतो."

भाऊ माझ्याकडे रोखून बघत राहिले. "पट्टा काढला तं बिबट्या नेईन. तुमचं न् त्याचं काही ठरलं आहे का?"

मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. पट्टा ठेवला तर शेरू गुदमरणार, काढला तर बिबट्या टपलेला. मी म्हटलं, "मग घरात झोपवा."

"अन् बकऱ्याईची राखण कोण करन?"

* * *

पुढे लसीकरणासाठी सकाळीच त्यांच्या गावी गेले. घराचं दार उघडं होतं. आत कूलरसमोर शेरू पसरलेला, मान मोकळी, घरघर बरीच कमी.

अंगणात बकऱ्यांच्या गोठ्यापाशी खाटेवर केशवभाऊ बसले होते. हातात काठी. गळ्यात शेरूचा पट्टा, खिळे बाहेर.

"भाऊ, हे काय?"

त्यांनी माझ्याकडे संशयानं पाहिलं.

"हळू बोला जी. तो आत्ताच झोपला."