रंजनाने ओटीपी दिला नाही

रंजनाच्या प्राचीचा फोन आला तेव्हा मी बदलापूर स्टेशनबाहेर भाजी घेत होते. "मावशी, आई गेली," एवढंच ती बोलली, आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो, "तो कुठे आहे?" असा. "नाही गं मावशी, बाबा नव्हते. डॉक्टर म्हणाले, हार्ट... झोपेतच." त्यानंतर ज्यांना ज्यांना रंजना गेल्याचं कळवलं, त्यातल्या बहुतेकांनी हेच विचारलं... नवऱ्याने का? आमच्या रंजनाला साधं मरण येईल असं कुणाला वाटलंच नव्हतं.

आम्ही दोघी अंबरनाथच्या एमआयडीसीत औषधाच्या कंपनीत पॅकिंगला होतो, राहायलाही शेजारीशेजारीच, तिथल्या बुवापाड्यात. सुजलेला गाल घेऊन ती लाइनवर उभी राहायची आणि डब्यात काय आणलंय ते सांगावं तशी सांगायची, "काल पट्ट्याने मारलं. मी पण चावले त्याला, मनगटाला." गरीब गाय नव्हती ती. एकदा उल्हासनगरला, कॅम्प तीनमध्ये, शेअर रिक्षात शेजारच्या माणसाने मुद्दाम कोपर लावलं, तर चालत्या रिक्षात तिने त्याचं डोकं दांडीवर आपटलं होतं. "घरी मार खाते तेवढं बास झालं," म्हणाली, "बाहेर नाही खाणार."

मग ती कंपनी बंद पडली आणि आम्हाला बदलापूरला दुसरीकडे काम मिळालं. जुना पीएफ काढून घेऊ, असं सगळ्याच जणी म्हणत होत्या. नव्या कंपनीतल्या एचआरच्या मॅडमनी समजावलं, की नोकरीची पाच वर्षं पुरी व्हायच्या आत पैसे काढले तर त्यावर टॅक्स लागतो. तोच पीएफ नव्या खात्यात ट्रान्सफर केला तर टॅक्स नाही, आणि जुन्या नोकरीची वर्षंही पुढे धरली जातात. रंजनाची पाच वर्षं भरायला थोडंच राहिलं होतं. "म्हणजे तिकडे घासलेली वर्षं वाया नाही जात?" तिने दोनदा विचारून घेतलं. विलासचं, तिच्या नवऱ्याचं, मात्र आधीच ठरलं होतं. तो कॅम्प तीनमध्ये जीन्स शिवायचा. स्वतःचं युनिट टाकायचं म्हणून त्याने तिच्या पीएफच्या भरवशावर एका शेठला मशिनी विकत घ्यायचा शब्दही देऊन टाकला होता.

त्या रविवारी दुपारी आरडाओरडा ऐकून मी धावले. विलासने एका सायबरवाल्याला पैसे काढायचा अर्ज भरायला बसवलं होतं, आणि ओटीपी आला होता तिच्या मोबाइलवर. मोबाइल तिच्या मुठीत. "नंबर बोल! बोल म्हणतो ना!" म्हणत तो तिचं एकेक बोट उलटं वाकवत होता. बोट मोडल्याचा आवाज मी ऐकला... मग दुसऱ्याचा. तिने मूठ सोडली नाही. त्याने तिचं डोकं चौकटीवर आपटलं, पुन्हा आपटलं. मी त्याचा शर्ट धरला तर मला मोरीत ढकललं. तिथे हाताला लागला तो कुकर मी उचलला आणि त्याच्या खांद्यात घातला. तो खाली बसला, तेव्हा आम्ही बाहेर पडलो.

सरकारी दवाखान्यात जाताना रिक्षात तिच्या कपाळातून रक्त गळत होतं, माझी ओढणी भिजून चिंब झाली होती. आणि ही बया हसत होती. "ट्रान्सफर कालच टाकलाय मी, एचआरच्या मॅडमकडून."

"अगं, मग सांगायचंस ना त्याला! मेली असतीस!"

"सांगितलं असतं तर उद्या गेटवर येऊन मॅडमचाही गळा धरला असता त्याने. एकदा मंजूर होऊ दे, मग सांगते."

पोलिसांनी विलासला बोलावून दम दिला आणि सोडून दिलं. ट्रान्सफर मंजूर झाला तेव्हा तिने त्याला खरंच सांगितलं... भर रस्त्यात, प्लॅस्टरचा हात त्याच्या तोंडावर हाणून. त्याचा दात पडला, हिचं हाड पुन्हा सरकलं. त्याच संध्याकाळी प्राचीला घेऊन ती माझ्याकडे राहायला आली.

ती दोन बोटं कायमची वाकडी राहिली. पण वर्षं सलग धरली गेली. पुढे घरासाठी तिने पीएफमधून पैसे काढले तेव्हा टॅक्स कापला गेला नाही. वर कर्ज काढून बदलापुरातच, शिरगावात एक खोली आणि किचन घेतलं, स्वतःच्या नावावर.

तिचा जलदान विधी झाला त्या दिवशी, पाहुणे गेल्यावर, विलास आला. पार खंगलाय. जिन्यात उभा राहून रडला, आणि ते रडणं खोटं होतं असं मी म्हणणार नाही. मग नाक पुसून त्याने विचारलं, "पीएफला वारस कोण लावलाय तिने?"

"मी," प्राची म्हणाली आणि तिने दार लावून घेतलं.

त्याने लाथ घातली. मग दुसरी, तिसरी... मांडणीवरची भांडी वाजायला लागली. घर घेतल्यावर, पंखासुद्धा नव्हता तेव्हा, रंजनाने सगळ्यात आधी हे दार करून घेतलं होतं. अख्खं लोखंडी, आतून दोन आडव्या कड्या. फॅब्रिकेशनवाल्याने तिला विचारलं होतं, "ताई, घरात एवढं आहे तरी काय?" ती म्हणाली होती, "मी आहे."

लाथा थांबेपर्यंत मी आणि प्राची त्या दाराला पाठ लावून बसून राहिलो.