पडद्याआडची टाकी

फोल्कर्ट हूकझेमा अडतीस वर्षं आमच्या आपिंगेडाम गावच्या कालव्यावर पाण्याचे दरवाजे सांभाळत होता. पाण्याने कधी चढायचं, कधी उतरायचं हे त्याने ठरवायचं आणि पाण्याने मुकाट ऐकायचं. निवृत्त झाल्यावरही सवय सुटली नाही. कालव्याच्या जागी फक्त बैठकीच्या खोलीतली चारशे लिटरची टाकी आली. खिडकीजवळच्या त्या टाकीत मलावी सरोवराकडचे निळे-पिवळे सिक्लिड मासे होते, आणि आमच्या मत्स्यप्रेमी मंडळात त्यांचा दरारा होता. दर नोव्हेंबरला मंडळाची परीक्षक घरोघरी जाऊन टाक्यांना गुण देई. पहिला नंबर चौदा वेळा फोल्कर्टचा.

नव्या सभासदांना तो उपदेशाचे डोस पाजी. कुणाच्या काचेवर तपकिरी शेवाळ आलं की म्हणे, "नव्या टाकीला येतंच ते. बाळाला दात येतात तसं. काही करू नका, जाईल तीन महिन्यांत." आणि शेवटी हळूच, "माझ्याकडे पाहिलंय का कधी?"

सप्टेंबरात त्याची जुनी टाकी गळायला लागली. मग नवी टाकी, नवी वाळू, नवे दगड. मासे तेवढे जुने. पाचव्या आठवड्यात काचेवर तपकिरी थर धरला, मग वाळूवर, मग दगडांवर. फोल्कर्टचं धाबं दणाणलं. टूथब्रश घेऊन तो सकाळ-संध्याकाळ दगड घासू लागला, दिवसाआड अर्धं पाणी बदलू लागला. या शेवाळाला लागणारी सिलिका आमच्या नळाच्या पाण्यातूनच येते, हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. पण ठाऊक असणं वेगळं आणि हातावर हात धरून बसणं वेगळं. जितकं तो धूत होता तितकं ते फोफावत होतं. मासे मात्र खूश होते. दगडावरचा थर खरवडून खाणं हा त्यांचा पिढीजात धंदा. ब्रश आला की बिचारे भरल्या ताटावरून उठवल्यासारखे बाजूला होत.

"अरे, लोकांना सांगतोस ते स्वतः कर की," त्याची बायको रेन्स्के म्हणाली.

"ते नवशिक्यांना सांगतो मी."

"मग ही टाकी कुणाची आहे?"

परीक्षेला आठ दिवस उरले असताना रेन्स्के बहिणीकडे झ्वोलेला गेली, एका रात्रीपुरती. दुसऱ्या दिवशी चारच्या सुमारास फोल्कर्ट बाह्या सारून टाकीत हात घालणार, तोच परीक्षक वियर्सेमाबाई गल्लीतून सायकलवरून जाताना दिसल्या. त्याने सटकन पडदा ओढला.

आमच्या गल्लीत दिवसाढवळ्या कुणी पडदा ओढत नाही. आत काय चाललंय ते रस्त्यावरून दिसावं, ही आमची सभ्यता. पुढचा पडदा दुपारी बंद झाला तर त्याचा एकच अर्थ: घरात कुणीतरी गेलं.

पाऊण तासात बेल वाजली. दारात शेजारीण बाउक्ये लोण्याचा केक घेऊन उभी, आणि तिच्यामागे काळा कोट घातलेल्या वियर्सेमाबाई.

"फोल्कर्ट, काय रे हे! आपली रेन्स्के!" बाउक्येने त्याला मिठीच मारली. "कालपासून दिसली नाही, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली."

एका वाक्याचं काम होतं. पण ते वाक्य बोललं की पुढचा प्रश्न पडद्याचा. बायकोला जिवंत ठेवावं की अब्रूला, असा पेच फार जणांना पडत नाही. फोल्कर्टला पडला. तेवढ्यात वियर्सेमाबाईंचा हात दिव्याच्या बटणाकडे गेला.

"दिवा नको!" तो ओरडला.

"नको, नको," बाई हळुवारपणे म्हणाल्या. "अंधारातच बसू."

तिघं अंधारात बसली.

"अशी बाई शोधून सापडायची नाही," बाउक्ये म्हणाली. "कंबरेचं ऑपरेशन झालं त्या वर्षीसुद्धा तुझ्या टाकीसाठी बादल्या उचलायची."

"डॉक्टरांनी परवानगी दिलीय म्हणाली होती."

"कसली परवानगी! डॉक्टरांनी साफ नको म्हटलं होतं, तुला तेवढं कळू दिलं नाही."

"मला दर वर्षी फोन करायची," वियर्सेमाबाई म्हणाल्या. "म्हणायची, गुण हवे तेवढे द्या, पण माशांबद्दल एखादा चांगला शब्द बोला. त्याचा अख्खा हिवाळा त्यावर जातो."

फोल्कर्टला यातलं काही ठाऊक नव्हतं. रेन्स्के सव्वापाचच्या बसने येतेय, हे सांगायला त्याने तीनदा तोंड उघडलं आणि तिन्ही वेळा टाकीकडे पाहून मिटलं. चौथ्यांदा उघडलं तेव्हा हुंदका बाहेर पडला. मग तो थांबेना.

दारात किल्ली फिरली. रेन्स्के आत आली आणि तिने दिवा लावला. बाउक्ये किंचाळली.

"काय झालं? कोण गेलं?" रेन्स्केने विचारलं.

"तू," बाउक्ये म्हणाली.

मग सगळंच बाहेर आलं. वियर्सेमाबाईंनी आधी रेन्स्केचे गाल चाचपले, मग चष्मा लावून टाकी न्याहाळली. "नवशिक्यांच्या गटात घालते. काही हरकत?"

"नाही," फोल्कर्ट खाली मान घालून म्हणाला.

पाहुण्या गेल्या. रेन्स्केने कोटसुद्धा काढला नव्हता.

"शेवाळ दिसू नये म्हणून मला मारलंस?"

"अर्धाच तास."

"आणि वर गळा काढून रडत होतास. छान जमलं हो नाटक."

"नाटक नव्हतं."

"मी बसमध्ये आहे हे ठाऊक होतं ना तुला?"

"ठाऊक होतं," फोल्कर्ट म्हणाला. "तरी रडू आलं."