फळीवरून उतरताना

"सायडवेज! मॅडम, सायडवेज!" असं ओरडत, दोन्ही हात पसरून, स्वतः कुर्लीसारखा आडवा चालून दाखवणारा माणूस आमच्या खाडीवर आलेल्यांपैकी अनेकांनी पाहिला असेल. पर्यटकांच्या होडीचा तो तांडेल. मी तिथेच तिकिटं फाडायचो, त्यामुळे हा शब्द दिवसभर माझ्या कानांवर आदळायचा.

होडीतून वाळूवर उतरायला एक ओली फळी लावलेली असे. तिच्यावर आडव्या पट्ट्या ठोकलेल्या. पाय आडवा टाकला की पट्टीला अडतो, सरळ टाकला की घसरतो. हे बाहेरच्या लोकांना कसं सांगायचं म्हणून कुणा पर्यटकाने त्याला हा शब्द दिला होता. मग काय, त्याने तो शब्द सगळ्या कामांना जुंपला. जाडजूड गृहस्थांना बाकावर सरकवायचं, सायडवेज. फोटोसाठी मोबाइल आडवा धरायचा, सायडवेज. पाण्याच्या ओढीने होडी बाजूला जाऊ लागली आणि बायका किंचाळल्या, की हसून सांगायचा, "नो भिया, ओन्ली सायडवेज!"

"तांडेलानू, ह्या शब्दाक जरा सुट्टी द्या," मी म्हणायचो.

"आसा तो एकच, भाऊ. तो सुट्टीवर गेलो तर धंदो कोण करतलो?"

त्याची मुलगी सावंतवाडीला कॉलेजात होती. एका रविवारी ती चार मैत्रिणींना घेऊन आली. तांडेल त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. होडीत चढताना मुलगी त्याच्या कानाशी वाकली. मी दोन हात अंतरावर उभा, मला ऐकू आलं.

"बाबा, आज तां इंग्लिश नको हां. माका लाज वाटता."

त्याने मान डोलावली. होडी निघताना त्याने तोंड उघडलं नाही, परतून आली तेव्हाही नाही. इतका गप्प तांडेल मी कधी पाहिला नव्हता. फळी लागली. मुली हसत, बोलत उठल्या. त्याचे हात सवयीने वर गेले आणि तसेच खाली आले. पहिली मैत्रीण सरळ पाय टाकून उतरली आणि आपटली. तिची किंकाळी आणि हाड मोडल्याचा आवाज एकदमच आला.

तिला उचलून रिक्षापर्यंत धावत नेणारा तोच होता. त्या मैत्रिणीच्या आईवडिलांपुढे हात जोडून उभाही तोच राहिला. दुसऱ्या दिवसापासून तो खाडीवर आला नाही. होडीच्या मालकाने दोनदा माणूस पाठवला, मग दुसरा तांडेल ठेवला.

न राहवून मी त्याच्या घरी गेलो. अंगणात तो जाळं सांधत बसला होता, दाराकडे पाठ करून. मी समोर टेकलो.

"पोरीन इंग्लिश नको म्हटल्यान तां ठीक. पण 'आडवो पाय टाका' इतक्यां तरी सांगूचां!" मी जरा चिडूनच म्हणालो.

"तोंडाक येयलाच नाय, भाऊ. इतक्या वर्सांत त्या फळीर दुसरो शब्दच बोललंय नाय." सुई थांबली. "माका लाज वाटली, आणि पाय तिचो मोडलो."

चूक कुणाची हे त्याला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं.

"माझ्या चेडवाक काय बोलू नको हां," तो आवाज खाली आणून म्हणाला. "माका फळीर सांगूची याद रवली नाय म्हणान सांगलंय मी तिका. वय झाला म्हटलंय. तिका तां खरां वाटलां."

त्याच्या पाठीमागे, उंबऱ्यात, ती चहाचे कप घेऊन कधीची उभी होती. मला मान वर करवेना.