पुढच्या गाडीचा निरोप

गेल्या हिवाळ्यात ताईच्या नव्या गाडीतून आम्ही दोघी बहिणी घाट उतरत होतो. नऊ वाजून गेले तरी धुकं हटलं नव्हतं. अचानक गाडीच्या पडद्यावर खूण उमटली. पुढे अडथळा आहे, असं ती सांगत होती.

"हिला कसं कळलं गं?" मी विचारलं.

"पुढच्या एखाद्या गाडीनं कळवलं असेल. या नव्या गाड्या आपापसांत बिनतारी बोलतात," म्हणत ताईनं वेग कमी केला.

वळणापलीकडे खरंच दरड कोसळली होती. दरडीच्या अलीकडे एक पांढरी गाडी उभी होती. निरोप तिचाच असणार. आम्ही कोण, कुठले, हे तिला ठाऊक नव्हतं. आपल्या मागे कुणीतरी येत असेल, एवढंच तिनं धरलं होतं. मला ते फार माणसासारखं वाटलं.

"मागून एसटी आली तर? तिला कोण सांगणार?" ताई म्हणाली आणि दुखऱ्या गुडघ्यांनी खाली उतरली. अंगावरची लाल शाल काढून ती वळणाच्या वर जाऊन उभी राहिली. मीही गेले.

थोड्याच वेळात एसटी आली. ताईनं दोन्ही हातांनी शाल हलवली. करकचून ब्रेक लागले आणि बस थांबली. ड्रायव्हर चिडून खाली उतरला, पण दरडीचं कळताच निवळला. मग त्यानं हात पुढे केला.

"मावशी, ती शाल द्या इकडे. तुम्ही बसा गाडीत."

आणि शाल घेऊन तो बसच्या मागे, धुक्यात चढ चढू लागला.