कबुतरवाल्याची साक्ष

दमास्कसमधल्या आमच्या गल्लीत चोरी करून सुधारलेल्याची साक्ष चालायची, दारुड्याचीही शुद्धीत असेल तर चालायची. पण गच्चीवर कबुतरं उडवणाऱ्याची साक्ष कुणी घेत नसे. दुपार कलली की हे लोक आपापले थवे सोडतात, दुसऱ्याचं एखादं पाखरू फितवून आपल्या गच्चीवर उतरवतात, आणि मालक विचारायला आला की देवाची शपथ घेऊन सांगतात, तुझं कबूतर मी पाहिलंसुद्धा नाही. शिवाय उंचावर उभं राहायचं म्हणजे लोकांच्या अंगणात नजर जाणार. अशा माणसाला मुलगीही कुणी देत नसे.

शेजारच्या शुक्रीकाकांना कुणी दिली नाही. दुपारपर्यंत जोडे शिवायचे आणि नंतर काळं फडकं बांधलेली काठी घेऊन गच्चीवर जायचं, एवढाच त्यांचा संसार. लोक तोंडावर खोटारडा म्हणायचे आणि काका ते नाकारतही नसत. म्हणायचे, "बोलतो की खोटं. पण कबुतरांपुरतंच. माणसांबद्दल खोटं बोलायला मला सवड कुठे आहे?"

माझ्या वडिलांनी, अनीस त्यांचं नाव, आमच्या गच्चीवर एक खोली बांधली होती. विटा स्वतः वाहिल्या, भिंती स्वतः रचल्या. शुक्रीकाका पलीकडून रोज ते बघत होते. त्यांच्या पाखरांनी ओल्या चुन्यात घाण केली म्हणून दोघांची एकदा चांगलीच जुंपलीही होती. पुढे वडील गेले. खालचं घर चुलत्यानं हाजी रिझ्कला विकलं आणि तो ब्राझीलला निघून गेला. हाजी जर्दाळूच्या पोळ्यांचा व्यापारी, निम्मी गल्ली त्याच्या वाळवणावर राबायची. आई आणि मी वरच्या खोलीत राहून शिवणकाम करायचो. वर्षभरानं हाजी म्हणायला लागला की घर घेतलं तेव्हा गच्ची मोकळी होती, खोली मी बांधली, तेव्हा मायलेकींनी दुसरीकडे बघावं.

दुसरीकडे म्हणजे कुठे? आईला माहेर उरलं नव्हतं. गल्लीत प्रत्येकाला खरं माहीत होतं आणि प्रत्येकाच्या तोंडाला कुलूप होतं. मला आजही त्या लोकांची चीड येते. आईच्या हातचे सदरे अंगात घालून ते मान खाली घालून निघून जायचे.

बोलायला तयार झाले ते एकटे शुक्रीकाका.

निवाड्याला सगळे मुख्तार अबू सुभीच्या बैठकीत जमले. गल्लीचे तंटे तोच मिटवायचा. आई आणि मी पडद्याआड बसलो होतो. पडदा विरलेला होता, त्यामुळे सगळं दिसत होतं. हाजीनं आपलं म्हणणं मांडलं. शुक्रीकाका बोलायला उभे राहिले तसा मुख्तारानं हात वर केला. कबुतरवाल्याची साक्ष आपल्यात धरत नाहीत, हे त्यालाही माहीत होतं, सगळ्यांना माहीत होतं. मग त्यानं मेहेरबानी केल्यासारखा एक मार्ग सुचवला. सगळी पाखरं कापून टाक, मशिदीत चारचौघांदेखत तौबा कर, मग शुक्रवारी ये, तुझा शब्द धरू.

काकांचा चेहरा उतरला. एकेका पाखराला ते नावानं हाक मारायचे. आईनं माझा हात घट्ट धरला आणि पुटपुटली, "कापू देत रे देवा." खोटं कशाला सांगू, माझ्याही मनात तेच होतं. छपराखातर मी तेव्हा जगातली सगळी कबुतरं कापायला निघाले असते.

काकांनी शांतपणे विचारलं, "म्हणजे आज मी जे बोलेन ते खोटंच?"

"खोटंच धरतात बाबा," मुख्तार म्हणाला. "रीत आहे, मी नाही केलेली."

"ठीक. मग ऐका." काकांनी छातीवर हात ठेवला. "मी देवाची शपथ घेऊन सांगतो, ती खोली हाजी रिझ्कनंच बांधली."

आईच्या तोंडून हुंदका फुटला. मला वाटलं, विकला गेला हाही. पण काकांचं अजून कुठे झालं होतं! हाजी अनवाणी शिडी चढत होता, असं त्यांनी सांगितलं. डोक्यावर विटांचं घमेलं होतं आणि तोंडात गाणं होतं. चुना तर तो कोपरापर्यंत हात घालून कालवत होता. हाजीचे जोडे त्याच्या पायात घालायलासुद्धा नोकर लागायचा. बैठकीत आधी कुणीतरी खोकल्यासारखं केलं, मग दुसऱ्याच्या नाकातून कॉफी आली, आणि मग सगळी बैठक हसायला लागली. काका मात्र गंभीर होते. एकेक शपथ आधीच्यापेक्षा कडक.

हाजी ताडकन उठला. "याची साक्ष मला नको!"

"नको कशी?" काका म्हणाले. "तुमच्याच बाजूनं बोलतोय. आता चारचौघांत सांगा हाजी, मी खरं बोललो की खोटं? खरं असेल तर माझा शब्द चालतो, मग दुसरा शब्दही ऐकावा लागेल, अनीसच्या विटांचा. आणि खोटं असेल तर खोली तुमची नाही."

हाजीनं मुख्ताराकडे पाहिलं. मुख्तार कॉफीच्या कपात बघत होता. हाजी जोडे न घालताच बाहेर पडला आणि नोकर जोडे घेऊन मागे पळाला. दुसऱ्या दिवसापासून पोरं त्याला विचारायची, हाजी, आमचं कोंबड्यांचं खुराडं कधी बांधून देता? खोलीचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही.

खोली आमची राहिली, पाखरंही राहिली. पण रीत होती तिथेच होती. काकांचा शब्द आम्हाला उपयोगी पडला तो खोटा म्हणूनच. हे मला काट्यासारखं सलत राहिलं.

दोन वर्षांनी माझं लग्न ठरलं. लग्न लावणारे शेख दाराच्या पडद्यापाशी आले आणि माझी संमती विचारू लागले. मुलगी गप्प बसली की होकार समजतात, म्हणून मी मोठ्यानं म्हणाले, "नाही. पहिला साक्षीदार शुक्रीकाका असतील, तरच हो."

बाहेर गलका झाला. सासरे कडाडले, कबुतरवाल्याच्या साक्षीवर लग्न म्हणजे लग्नच नव्हे. शेखांनी मला समजावलं, आईनं चिमटा काढला. मी पुन्हा नाही म्हणाले. अखेर नवरदेवाचा आवाज आला, "बोलवा हो त्यांना. मला भूक लागलीय."

थवा सोडायची वेळ होती. गच्चीवरून हाका मारून काकांना खाली आणलं तेव्हा त्यांच्या खिशात दाणे होते आणि खांद्यावर पांढरा डाग. शेखांनी विचारलं, शुक्री, तू या लग्नाचा साक्षीदार आहेस का? हाजीपुढे धडाधड शपथा घेणारा तो माणूस पडद्याकडे तोंड करून म्हणाला, "पोरी, नीट विचार कर. माझ्या शब्दाला गल्लीत किंमत नाही."

"माझ्या घरात आहे," मी म्हणाले.

त्यांनी डोळे पुसले आणि साक्ष दिली.

भांडण झालं की नवरा अजून म्हणतो, आपलं लग्न कबुतरवाल्याच्या शब्दावर उभं आहे, ते खोटंच. आम्ही अजून राहतो त्या वडिलांच्या खोलीच्या दाराकडे मी त्याला बोट दाखवते. तो जोडे घालतो, गल्लीत एक फेरी मारतो आणि जेवायला परत येतो.